जाड, गोलसर आणि तुटक: स्टेन्सिल ढंगाचा देवनागरी फॉन्ट पहिल्यांदा बनवताना

मंडळाच्या मांडवावरची पाटी, ढोल-ताशा पथकाचे टी-शर्ट, खाऊच्या दुकानाचे नाव, लहान मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ. अशा कामांसाठी जाड, गुबगुबीत, टोकांना गोलाई असलेली अक्षरे छान दिसतात. त्यांत मधेमधे स्टेन्सिलसारख्या फटी सोडल्या की अक्षर खेळकर होते, शिवाय पत्र्यातून किंवा प्लास्टिकमधून कापून रंगवताही येते. रोमन लिपीत असे फॉन्ट ढिगाने आहेत. देवनागरीत फार थोडे, आणि जे दिसतात त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी रोमन फॉन्टच्या फटी जशाच्या तशा आपल्या अक्षरांवर मारलेल्या असतात. मग ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘म’चा ‘भ’ होतो, आणि पाटी लागल्यावर ते कळते.

हा लेख पहिल्यांदाच फॉन्ट बनवणाऱ्यासाठी आहे. कागदापासून फाइलपर्यंत, आणि फाइलपासून कापलेल्या शीटपर्यंत सगळे टप्पे यात आहेत. चित्रकला थोडी येत असेल आणि बेझिए वक्र ओढायचा सराव असेल तर पुरेसे आहे, प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही.

काय काय लागेल

कागदावरच्या कामासाठी: ५ मिलिमीटरचा आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, जाड गोल टोकाचा मार्कर, बोरू किंवा तिरप्या टोकाचा कट निब. हे सगळे पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एका फेरीत मिळते.

संगणकावरच्या कामासाठी: फॉन्टफोर्ज (मोफत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते), किंवा ग्लिफ्स (फक्त मॅक, विकत), किंवा फॉन्टलॅब (विकत). अक्षरे इंकस्केपमध्ये काढून मग आणता येतात, पण दर दुरुस्तीला आयात करत बसावे लागते. थेट फॉन्ट संपादकातच काढायची सवय लावा.

कापून बघण्यासाठी: १७५ ते २५० मायक्रॉनची पॉलिस्टर शीट, कटर, कटिंग मॅट, मास्किंग टेप, स्प्रे रंग किंवा स्पंज. शीट मिळाली नाही तर जुनी एक्स-रे फिल्म उत्तम चालते. रंग, ब्रश, स्पंज यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी.

यापुढे लेखात अक्षरातल्या मोकळ्या फटीला ‘तोड’ म्हटले आहे. शीट कापल्यावर हीच तोड पूल होते, म्हणजे अक्षराच्या आतला तुकडा धरून ठेवणारी पट्टी.

१. आधी ठरवा: नुसता देखावा की खरोखर कापायचे?

हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यायचा असतो, कारण सगळी मापे त्यावर ठरतात.

फॉन्ट फक्त पडद्यावर आणि छपाईत वापरायचा असेल तर तोड ही सजावट आहे. एखादी पोकळी बंद राहिली तरी बिघडत नाही. खरोखर कापायचा असेल तर एकही पोकळी पूर्ण बंद असता कामा नये. बंद पोकळीचा तुकडा कापताक्षणी गळून पडतो आणि ‘व’च्या जागी भरीव गोळा रंगतो.

नवख्याने दुसरा मार्ग घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कापता येईल असा फॉन्ट पडद्यावरही चालतो, उलटे होत नाही. शिवाय ‘इथे तोड का?’ या प्रश्नाला प्रत्येक अक्षरात खरे कारण मिळते आणि रचना आपोआप एकसारखी होते.

२. मापे बांधून घ्या

खालची मापे १००० एककांच्या चौकटीसाठी आहेत (फॉन्ट संपादकात सगळी मोजमापे या एककांतच होतात). सुरुवातीला हीच धरा, पुढे आपल्या चवीने बदला.

पायारेषा ०. शिरोरेषेचा वरचा काठ ७२०, खालचा काठ ५६०, म्हणजे शिरोरेषेची जाडी १६०. उभ्या दंडाची जाडी १९०. आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून शिरोरेषा दंडाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवायची. दोन्ही समान ठेवल्यास अक्षर डोक्यावर ओझे घेतल्यासारखे वाटते.

तोडीची रुंदी ५६. दंडाच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश हे प्रमाण सांभाळा. याहून बारीक तोड लहान आकारात बुजते, याहून रुंद केली तर एकाच अक्षराचे तुकडे दोन वेगळी अक्षरे वाटू लागतात. ही रुंदी पूर्ण फॉन्टमध्ये एकच हवी. अक्षराच्या जाडीत थोडाफार फरक चालतो, तोडीत मात्र ४ एककांचा फरकही नजरेला खुपतो.

शिरोरेषेच्या टोकांची त्रिज्या ८०, दंडाच्या खालच्या टोकाची ९५, म्हणजे जाडीच्या निम्मी. तोडीच्या कडांना मात्र एवढी गोलाई देऊ नका. तिथे १२ ते १६ त्रिज्या पुरे. तोडीच्या दोन्ही बाजू पूर्ण गोल केल्या तर फट मधे अरुंद आणि काठांना रुंद दिसते, आणि तुकडे एकमेकांपासून सुटल्यासारखे वाटतात. जिथे रेघ खरोखर संपते तिथे भरपूर गोलाई, जिथे ती नुसती तोडली आहे तिथे जवळपास सरळ काप. या फरकामुळेच तोड म्हणजे तोड आहे, शेवट नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळते.

वरच्या मात्रा, वेलांट्या आणि रफार यांसाठी १०८० पर्यंत जागा धरा, खालच्या उकारांसाठी उणे ३२० पर्यंत. शिरोरेषा आणि पायारेषा यांत ५६० एककांचीच जागा उरते, म्हणून ब, ष, झ, छ, ढ, क्ष यांसारख्या गजबजलेल्या अक्षरांत आतल्या रेघा १५० पर्यंत बारीक करायला घाबरू नका.

३. सांगाडा हाताने काढा

थेट संगणकावर बसू नका. आलेख कागदावर व, प, त, क, द, र, ल ही सात अक्षरे आधी बोरूने आणि मग गोल मार्करने काढा. बोरूने काढताना हात कुठे उचलला जातो ते प्रत्येक अक्षरात बारीक ठिपक्याने नोंदवा. तोडीच्या बहुतेक चांगल्या जागा याच ठिपक्यांवर सापडतात. ‘व’चे पोट दंडाला मिळते ती जागा, ‘त’चा बाक दंडापासून निघतो ती जागा, ‘ल’चा गोलावा दंडाला भिडतो ती जागा.

या सातांतून बाकीचा संच उभा राहतो. ‘व’वरून ब. ‘प’वरून ष, फ. ‘द’वरून ट, ठ, ड, ढ, ह यांचा शिरोरेषेखालचा आखूड दांडा. ‘र’वरून स, ख.

मराठीसाठी बनवत असाल तर पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मूळ रूपे ठेवा. राज्य शासनाने वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपे मराठीसाठी धरली आहेत. दंडयुक्त ल आणि शेंडीयुक्त श हवे असतील तर हिंदीच्या भाषा-नियमाखाली पर्याय म्हणून ठेवा. उलटे केले, म्हणजे मराठी रूपे पर्यायात टाकली, तर निम्म्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडलेलीच नसते आणि मराठी पाटीवर हिंदी ‘ल’ उमटतो.

अभ्यासासाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे ‘मोदक’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट उतरवून घ्या. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्यात आहेत. ‘मोदक’मध्ये वजन इतके आहे की पोकळ्यांच्या जागी जेमतेम रेघा उरतात, आणि तरी अक्षर वाचले जाते. ते कसे साधले हे मोठे करून बघण्यासारखे आहे. बघा, पण आराखडे उचलून आपले म्हणून वापरू नका. खुल्या परवान्यातल्या फॉन्टवरून काही बनवले तर तेही त्याच परवान्यात द्यावे लागते, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते वापरता येत नाही.

४. तोड कुठे द्यायची, कुठे अजिबात नाही

सगळा फॉन्ट इथे जिंकला किंवा हरला जातो. इथे घाई नको.

रोमन स्टेन्सिल अक्षरांची पद्धत सोपी आहे: अक्षर जिथे बारीक होते तिथे उभी फट. १९३७ मध्ये अमेरिकेत ‘स्टेन्सिल’ या एकाच नावाचे दोन टाइप निघाले, दोन्हींचा हाच नियम. देवनागरीत तो चालत नाही. आपल्याकडे शिरोरेषा आहे, आणि शिरोरेषेतली फट हा आपल्या लिपीत अर्थ असलेला भाग आहे. ध, भ, थ यांच्या डोक्यावर ती मुळातच तुटलेली असते. घ, म, य यांच्यापासून त्यांना वेगळे ओळखायची ती मोठी खूण.

म्हणून पहिला नियम: घ, म, य यांच्या शिरोरेषेला आत तोड नाही. यांची पोकळी उघडायची तर खाली, पोट किंवा आडवी रेघ दंडाला मिळते त्या सांध्यावर. शिवाय शिरोरेषेचे डावे टोक डाव्या रेघेच्या किमान ४० एकके पुढे गेलेले हवे, म्हणजे डोके झाकलेले आहे हे ठळक दिसते.

दुसरा नियम: ‘ख’मध्ये ‘र’ची शेपटी ‘व’च्या पोटाला खालून जोडलेली असते. ती जोड तोडू नका. तोडली की ‘खाना’चे ‘रवाना’ झाले. ‘ख’साठी तोड ‘व’च्या पोटाच्या वरच्या सांध्यावर.

तिसरा नियम: ग, ण, श यांत डावा भाग आणि दंड आधीच सुटे असतात, दोघांना शिरोरेषाच धरून ठेवते. ती तोडल्यास ‘ग’चा दंड पुढच्या अक्षराचा काना वाटतो. ‘ग’ला आत तोड लागतच नाही.

बंद पोकळीची अक्षरे दोन गटांत पडतात. व, ब, क, च, ठ यांची पोकळी स्वतःचीच बंद. प, ष, म, घ, य, ण, स यांची पोकळी शिरोरेषेमुळे बंद होते. पहिल्या गटात तोड सांध्यावर. दुसऱ्यात, आणि पहिल्यातल्या ब, ठ यांत, अक्षरागणिक वेगळा विचार:

प: शिरोरेषेत, दंडाच्या लगेच डावीकडे. खालच्या सांध्यावर दिली तर ‘प’ दुरून ‘ण’कडे झुकतो.

ष: ‘प’सारखेच, पण आतल्या तिरप्या रेघेचे एक टोक सुटे ठेवा. नाहीतर पोकळीचे दोन तुकडे होतात आणि एक गळतो.

ब: तिरप्या रेघेचे वरचे टोक सुटे, आणि पोट दंडाला खाली मिळते तिथे एक तोड.

ण: ‘उ’कारासारख्या भागाचे उजवे टोक शिरोरेषेपासून सुटे.

स: आडवी रेघ दंडाला टेकते तिथे.

ठ: दोन तोडी, एक आखूड दांड्याखाली आणि एक तळाशी. गोल मोठा असल्याने एका पुलावर तो तुकडा जिभेसारखा लोंबतो आणि स्प्रेच्या जोराने उचलला जातो. २५० एककांहून रुंद पोकळीला नेहमी दोन पूल द्या.

पोकळी नसलेल्या अक्षरांचे काय? त, न, ल यांना सांध्यावर एकेक तोड द्या, नाहीतर शब्दात काही अक्षरे तुटक आणि काही भरीव असे ठिगळ दिसते. र आणि ग मात्र अखंड राहू द्या. थोडी अखंड अक्षरे शब्दात असली तर डोळ्याला विसावा मिळतो. एका अक्षरात आत एक तोड, फार तर दोन. तीन तोडींचे अक्षर देखणे असू शकते, वाचनीय नसते.

५. शिरोरेषा: अक्षराअक्षरांत तुटक, अक्षरात अखंड

पूर्ण शब्दावर सलग शिरोरेषा कापली तर शीटमध्ये हातभर लांब चीर पडते आणि वरचा भाग खाली लवतो. म्हणून दर अक्षरानंतर शिरोरेषा तुटायला हवी. पण ‘का’मधला क आणि काना, ‘कि’मधली वेलांटी आणि क, ‘स्त’मधला अर्धा स आणि त, यांच्या मधे ती तुटता कामा नये. ते एकच अक्षर आहे.

यासाठी कुठल्याही कोडची गरज नाही, बाजूच्या जागांचे गणित पुरते.

पूर्ण व्यंजन, स्वर आणि जोडाक्षर: शिरोरेषा त्या अक्षराच्या चौकटीच्या डाव्या काठापासून ५६ एकके सोडून सुरू करा, उजव्या काठापर्यंत न्या. म्हणजे तोड नेहमी अक्षराच्या डावीकडेच राहते.

काना, दुसरी वेलांटी, ो, ौ, ॉ: यांची शिरोरेषा डाव्या काठाच्या बाहेर ९० एकके मागे न्या, तिथले टोक गोल न करता सरळ ठेवून. ती आधीच्या व्यंजनाच्या शिरोरेषेवर चढते. ८० त्रिज्येचे गोल टोक पूर्ण झाकायला ९० लागतात. इथे नवखे लोक १० किंवा २० ठेवतात, आणि प्रत्येक कान्याआधी शिरोरेषेवर दोन बारीक खाचा दिसतात.

पहिली वेलांटी आणि सगळी अर्धी अक्षरे: डावीकडे ५६ ची तोड, उजवीकडे काठाच्या बाहेर १४६ पुढे, इथेही टोक सरळ. यात ५६ तोड भरायला आणि ९० गोलाई झाकायला.

शब्दांमधली मोकळी जागा २८० च्या खाली नेऊ नका. शिरोरेषा आधीच तुटक असल्याने शब्द कुठे संपला हे फक्त या जागेवरून कळते.

वरच्या खुणा शिरोरेषेपासून ५६ एकके वर तरंगत्या ठेवा: मात्रा, रफार, अनुस्वार, चंद्र, सगळ्या. उकार आणि हलन्तही दंडापासून ५६ खाली. दिसायला खेळकर, कापायला सोपे. अनुस्वाराचे टिंब २०० व्यासाचे. अचूक वर्तुळासाठी वक्राचे हँडल त्रिज्येच्या ५५ टक्के, म्हणजे १०० त्रिज्येला ५५.

६. आराखडे काढताना

नोड वक्राच्या टोकांवरच: सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हँडल आडवी किंवा उभी. जितके कमी नोड तितका वक्र गुळगुळीत. आपोआप गोलाई देणारी साधने शेवटी वापरा आणि मूळ टोकदार आराखडा वेगळा जपून ठेवा, कारण गोलाई दिल्यानंतर जाडी बदलणे फार किचकट होते.

गोल पोटाचा तळ पायारेषेच्या १२ ते १५ एकके खाली जाऊ द्या. तंतोतंत रेषेवर ठेवला तर तो दंडापेक्षा आखूड भासतो.

एका अक्षरातले तुकडे निर्यातीआधी एकत्र करा, दिशा तपासा. दिशा उलटी असली की पोकळी भरीव होते.

७. कोणते ग्लिफ (फॉन्टमधली सुटी अक्षरचित्रे) हवेतच

व्यंजने, स्वर, स्वरचिन्हे, अंक ० ते ९, पूर्णविरामाचा दंड (।), विरामचिन्हे, ₹. याशिवाय अर्धी रूपे, आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, द्व, द्म, ह्म, ह्य, ह्न, ट्ट, ट्ठ, ड्ड, क्त, त्त, रु, रू, हृ. र-जोडीची क्र, प्र, ग्र, ट्र, ड्र वगैरे रूपेही हवीत. दंड असलेल्या अक्षरांची अर्धी रूपे दंड काढून मिळतात, पण तोड जर त्याच सांध्यावर असेल तर दंडाबरोबर ती अर्धवट राहते. तिथे टोक पुन्हा गोल करा.

मराठीत हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: ळ (युनिकोड ०९३३). ॲ (०९७२), जो नसेल तर ‘ॲप’च्या जागी चौकोन उमटतो. चंद्र आणि ऑ, ॉ. आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’मधला अर्धचंद्रासारखा र. हा शेवटचा ग्लिफ दोन मार्गांनी यायला हवा: ऱ (०९३१) आणि हलन्त यांतून, तसेच र, हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक (न दिसणारे जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे) यांतून. लोक दोन्ही प्रकारे टंकतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक इथेच आहे. आणखी एक, ठिपक्यांचे वर्तुळ (२५सीसी) टाकायला विसरू नका, सुटी मात्रा दाखवताना तेच लागते.

८. फीचर आणि अँकर

देवनागरीत ओपनटाइप फीचरचा, म्हणजे टंकलेल्या अक्षरांऐवजी योग्य ग्लिफ बसवणाऱ्या नियमांचा, क्रम महत्त्वाचा: नुक्ता, अखंड जोडाक्षरे (क्ष, ज्ञ), रफार, र-जोड, अर्धी रूपे, इतर जोडाक्षरे, मग सादरीकरणाचे बदल. ग्लिफ्समध्ये नावे प्रमाणित पद्धतीने दिली तर हा कोड आपोआप तयार होतो. फॉन्टफोर्जमध्ये लुकअप, म्हणजे या नियमांचे तक्ते, हाताने बनवावे लागतात. तिथे ‘देव२’ आणि जुना ‘देवा’ असे दोन्ही लिपी-टॅग लावा.

वरच्या खुणांचा अँकर, म्हणजे खूण जिथे टेकते तो बिंदू, दंडावर ठेवा, अक्षराच्या मध्यावर नाही. दंड नसलेल्या ट, ठ, ड, ढ, द, ह यांत आखूड दांड्यावर. दुसऱ्या वेलांटीवर अनुस्वार आणि रफार दोन्ही येऊ शकतात, त्यासाठी वेगळे एकसंध ग्लिफ बनवलेले बरे. जाड फॉन्टमध्ये तीन सुट्या खुणा एकमेकांत घुसतात.

उंचीच्या नोंदींत विंडोजसाठीची वरची आणि खालची मर्यादा सर्वांत उंच आणि सर्वांत खोल ग्लिफनुसार द्या. कमी दिली की पडद्यावर वेलांटीचा माथा आणि अनुस्वार कापले जातात, छापताना मात्र नीट येतात, आणि चूक सापडत नाही.

फॅमिलीचे नाव कोणतेही द्या. पोस्टस्क्रिप्ट नाव मात्र साध्या रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता.

९. चाचणी: पुण्याची नावे पुरतात

कोणताही कृत्रिम नमुना शोधत बसू नका. शहरातल्या पाट्या घ्या:

नऱ्हे (र-ह जोड), कर्वे रस्ता आणि भांबुर्डा (रफार), कोथरूड (रू), लक्ष्मी रस्ता (क्ष आणि म), ज्ञानेश्वर पादुका चौक (ज्ञ, श्व), विद्यापीठ (द्य), विश्रामबाग वाडा (श्र), नळ स्टॉप (ळ, ऑ), कॅम्प (चंद्र), खडकवासला (ख), घोरपडी पेठ आणि धायरी (घ-ध), मंगळवार पेठ आणि भवानी पेठ (म-भ), औंध, सिंहगड, एरंडवणे, ढोले पाटील रस्ता.

मग फसव्या जोड्या: घार-धार, माला-भाला, वाट-बाट, यान-थान, खाना-रवाना. एकेक शब्द सुट्या कागदावर छापा, ५० मिलिमीटर उंचीचा, आणि दहा-बारा पावलांवरून अशा माणसाला वाचायला द्या ज्याने फॉन्ट आधी पाहिलेला नाही. अडखळला तर तोडीची जागा बदला, रुंदी नाही.

किमान आकारही मोजून ठरवा. ५६ ची तोड १६ पिक्सेलला जेमतेम ०.९ पिक्सेल उरते, म्हणजे धूसर डाग. ३२ पिक्सेलला १.८, इथून पुढे ती दिसते. छपाईत १२ पॉइंटला तोड पाव मिलिमीटरहून थोडी कमी भरते, वर्तमानपत्री कागदावर शाई ती गिळून टाकते. हा फॉन्ट शीर्षकांसाठी आहे. परिच्छेद त्यात लावू नका, आणि वापरणाऱ्यांनाही तसे लिहून द्या.

१०. कापून बघा

मापाचे गणित सोपे आहे. अक्षराची उंची ७२० एकके. ती ७२ मिलिमीटरची हवी असेल तर एक एकक ०.१ मिलिमीटर, आणि पूल ५.६ मिलिमीटरचा. त्यासाठी फॉन्टचा आकार साधारण २८३ पॉइंट. ३६ मिलिमीटरच्या अक्षराला पूल २.८ चा. पूल २ मिलिमीटरच्या खाली गेला की पॉलिस्टर शीटही दुसऱ्या-तिसऱ्या वापरात फाटते.

कापायला देण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, आणि सगळे एकमेकांवर चढलेले भाग वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. पाचव्या टप्प्यातल्या शिरोरेषा मुद्दाम एकमेकींवर चढवल्या आहेत. वेल्ड न करता फाइल दिली तर लेझर त्या आतल्या रेघाही कापते आणि कान्यापाशी चकत्या सुटतात. पारदर्शक रंग किंवा बाहेरची रेघ लावतानाही हीच काळजी.

भोसरी किंवा नऱ्हे-धायरीकडच्या वर्कशॉपमध्ये लेझर कटिंग करून मिळते. देताना लेझरच्या कापाची रुंदी विचारा, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते आणि तेवढा पूल बारीक होतो. पीव्हीसी किंवा रेक्झिन लेझरवर कधीही देऊ नका. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसालाही घातक आणि यंत्रालाही. पॉलिस्टर, ॲक्रिलिक, पुठ्ठा चालतो.

हाताने कापत असाल तर आधी आतल्या लहान पोकळ्या, मग बाहेरच्या कडा, सर्वांत शेवटी शिरोरेषा. शिरोरेषा आधी कापली की शीट ढिली पडते आणि कटर घसरतो. गोल टोकांवर कटर स्थिर धरून शीट फिरवा.

स्प्रे करताना डबा २० ते २५ सेंटिमीटर लांब, काटकोनात, आणि दोन-तीन पातळ थर. एकच जाड थर दिला की रंग पुलाखाली झिरपतो आणि तोड भरून जाते. पावसाळी हवेत शीटखाली हलका रीपोझिशनेबल (पुन्हा उचलून लावता येणारा) स्प्रे गम लावा, नाहीतर शीट उचलते. स्पंज वापरणार असाल तर रंग जवळपास कोरडा असू द्या.

११. फाइल हातावेगळी करताना

निर्यात दोन रूपांत: छपाई आणि डेस्कटॉपसाठी ओटीएफ किंवा टीटीएफ, वेबसाठी वॉफ२. त्याआधी फॉन्टबेकरी या फॉन्ट तपासणाऱ्या साधनाची तपासणी चालवा. अँकर नसलेल्या खुणा, उलट्या दिशा, चुकीच्या उंचीच्या नोंदी ती पकडते. फुकट द्यायचा असेल तर एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याची मजकूर-फाइल सोबत जोडा. विकायचा असेल तर किती संगणकांवर आणि वेबवर चालेल का, हे परवान्यात स्पष्ट लिहा.

वापरणाऱ्याला दोन सूचना लेखी द्या. अडोबीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (मजकूर मांडणीचा एक पर्याय) निवडल्याशिवाय जोडाक्षरे जुळत नाहीत, आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते. लोक तो फॉन्टचा दोष समजतात. दुसरी फ्लेक्सवाल्यासाठी. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या आवृत्त्या आणि युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट वापरात आहेत, तिथे तुमचा मजकूर पेस्ट केला की त्याची चौकोनांची रांग होते. म्हणून त्याला फॉन्ट पाठवू नका. कर्व्ह केलेली, वेल्ड केलेली पीडीएफ पाठवा, आणि छापण्याआधी तिचा एक फोटो परत मागवून त्यातला प्रत्येक घ, म आणि ख नीट वाचून घ्या.